मखमलाबादकडचा डिस्क गोल्फ: फायदे, तोटे आणि गोदाकाठच्या बागेत कोर्स मागावा का?

गोदाकाठ
नमस्कार मंडळी,

नाशिकजवळ मखमलाबादच्या पुढे एका बागायतदारांनी आपल्या जुन्या पेरू-आंब्याच्या बागेत आणि लगतच्या पडीक तुकड्यात डिस्क गोल्फच्या नऊ टोपल्या बसवू दिल्यात, हे इथल्या काही जणांना माहीत आहे. पैसे घेत नाहीत, ‘जाताना फाटक लावून घ्या’ एवढंच सांगतात. ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: हिशोब गोल्फचाच, पण काठी आणि चेंडूऐवजी हातात डिस्क. ठरलेल्या जागेवरून (तिला टी म्हणतात) पहिली फेक, ती पडेल तिथून पुढची, आणि साखळ्यांच्या टोपलीत बसेपर्यंत मोजत राहायचं. सगळ्या टोपल्या मिळून ज्याच्या फेकी सर्वांत कमी, तो जिंकला.

आता आमच्या गटात एक अर्ज फिरतोय. गोदाकाठच्या एखाद्या बागेत महापालिकेने टोपल्या बसवाव्यात, अशी मागणी आहे. माझं मत आधीच सांगतो, म्हणजे वाद घालायला सोपं जाईल. गावातल्या बागेत टोपल्या नकोत. पावणेदोनशे ग्रॅमची टणक डिस्क जोरात सुटते, आणि आपल्या बागांमध्ये पहाटेपासून आजी-आजोबा, बाबागाड्या, पळणारी पोरं असतात. त्यापेक्षा आहे तो कोर्स नीट करूया.

त्याचे तोटे मलाही दिसतात. पावसाळ्यात काळी माती बुटांना चिकटते आणि टीवर पाय रोवता येत नाही. सावली अर्ध्याच टोपल्यांना आहे. पाण्याची सोय नाही. सिडको-इंदिरानगरवाल्यांना सगळं शहर ओलांडावं लागतं. आणि कायम एकाच कोर्सवर खेळलं की हात त्याच नऊ वाटांना सरावतो, दुसऱ्या मैदानावर गेलं की अंतराचा अंदाज चुकतो.

पण फुकटात, घरापासून जवळ, बारा वर्षांची मुलगी आणि साठीचे काका एकाच डावात खेळतात असा दुसरा खेळ मला तरी नाशकात सापडलेला नाही. तुमचे अनुभव लिहा. न खेळणाऱ्यांनीही लिहा.

पाथर्डी_फाटा
गोल्फ क्लब मैदान आहे की गावाच्या मधोमध! नाव आयतंच तयार आहे, फक्त टोपल्या ठोकायच्या बाकी :)

जुना_पंचवटीकर
पाथर्डी_फाटा, तिथे टोपली ठोकली तर फिरायला येणारे आधी तुम्हाला ठोकतील. :)
बाहेरगावच्यांसाठी: ‘गोल्फ क्लब’ हे लोकांच्या तोंडचं नाव. मैदानाचं खरं नाव हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान. १९०९ साली कलेक्टर जॅक्सनला नाटकगृहात गोळ्या घालणारे अनंत कान्हेरे ते हेच. मैदानावर रणजीचे सामने झालेत, भोवती जॉगिंग ट्रॅक आहे आणि सकाळी सहा वाजता तिथे पाऊल ठेवायला जागा नसते. गोदाकाठ म्हणतात तो गर्दीचा मुद्दा डोळ्यांनी बघायचा असेल तर एकदा तिथे जाऊन या.

सकाळचा_फेरफटका
मी खेळत नाही, रोज चालतो. गेल्या हिवाळ्यात एका बागेत (नाव घेत नाही) कॉलेजची मुलं असल्याच डिस्का फेकत होती. एक सरळ माझ्या खांद्यावर आली. मुलांनी माफी मागितली, पाणी आणून दिलं, मुलं चांगली होती. पण दोन आठवडे हात वर होत नव्हता. ती चार इंच वर आली असती तर? प्लॅस्टिकची खेळण्यातली फ्रिसबी वेगळी आणि ही वेगळी, हे मला त्या दिवशी कळलं. धागाकर्त्यांना माझा पूर्ण पाठिंबा.

अल्टिमेटवाला
काका, वाईट वाटलं वाचून. त्या मुलांच्या हातात बहुतेक ड्रायव्हर (लांब फेकायची डिस्क) असावा. थोडं समजावून सांगतो, कारण ‘डिस्क’ म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांसमोर फ्रिसबी येते.

इंजिनीअरिंगला आम्ही अल्टिमेट (फ्रिसबीचा सांघिक खेळ) खेळायचो. त्याची डिस्क १७५ ग्रॅमची, पण मोठी आणि गोल काठाची. ती झेलायची असते. डिस्क गोल्फची डिस्क झेलायची नसतेच. वजन तेवढंच, पण व्यास २१ सेंमीच्या आसपास, आणि लांब पल्ल्याच्या ड्रायव्हरचा काठ निमुळता, हवा कापत जाणारा. लागला तर तोच काठ लागतो. मधल्या अंतराच्या मिडरेंजचा काठ त्यामानाने जाड, आणि जवळून टोपलीत टाकायच्या पटरचा सर्वांत बोथट. म्हणून नवख्याच्या हातात आधी ड्रायव्हर देऊच नये. सरळ जात नाही आणि लागतोही जास्त.

‘हात सरावतो’ या मुद्द्यावर मात्र असहमत. उजव्या हाताने बॅकहँड फेकली की डिस्क शेवटी डावीकडे वळून बसते. समोरून वारा आला की तीच डिस्क आधी उजवीकडे कलंडते, पाठीमागून आला की लवकर खाली बसते. मे संपताना पश्चिमेचा वारा सुटतो तेव्हा आपली सहावी टोपली हिवाळ्यातली राहतच नाही. जानेवारीत मी तिथे मिडरेंज टाकतो, जूनमध्ये तेवढ्याच अंतराला वजनदार, वाऱ्याला न हलणारी डिस्क काढावी लागते. कोर्स एकच असला तरी नाशिकचं हवामान तो वर्षातून चार वेळा बदलून देतं.

रानवाट
झाडांचं कोण बोलणार? मीच बोलते.

चौथ्या टोपलीच्या वाटेवरचं पेरूचं झाड जवळ जाऊन बघा. छातीच्या उंचीला, फेकणाऱ्याच्या बाजूला, नखाएवढ्या खाचा एकावर एक पडल्यात आणि दोन ठिकाणी साल निघून आतलं पांढरट लाकूड दिसतंय. पेरूची साल मुळात कागदासारखी पातळ. पानांत तयार झालेलं अन्न सालीच्या आतल्या थरातून मुळांकडे उतरतं, तो थर खोडाभोवती सगळीकडून तुटला की झाड उभ्या उभ्या वाळतं. एका डिस्कने काही होत नाही. रोज त्याच जागी बसणाऱ्या पन्नास डिस्कांनी होतं.

शिवाय टीजवळची आणि टोपलीभोवतीची जमीन बघा. गवत गेलंय, माती दबून घट्ट झालीय, पहिल्या पावसात पाणी मुरायच्या ऐवजी वाहून जातं.

मी खेळ बंद करा म्हणत नाही. फाशीच्या डोंगरावरच्या देवराईत काम करणाऱ्यांना विचारा, एक रोप जगवायला किती उन्हाळे पाणी वाहावं लागतं. आत्ता तपोवनातली झाडं तोडण्यावरून गावात एवढं रान पेटलं. मग आपल्याच हाताने चालू असलेल्या नुकसानीकडे बघायला नको?

गोदाकाठ
रानवाट, अगदी हवा होता तो प्रतिसाद. टोपलीची जागा बदलली तर पेरूची रांग वाचेल का? की खोडाला काही गुंडाळावं?

रानवाट
दोन्ही करा. टी अशी फिरवा की फेक आधी जुन्या बाभळीकडे किंवा कडुनिंबाकडे जाईल. त्यांची साल जाड, खडबडीत असते. पेरूच्या पुढे हातभर अंतर सोडून दोन-तीन बांबू उभे रोवा, डिस्क बांबूला लागेल. खोडाला गुंडाळायचाच असेल तर काथ्या सैल गुंडाळा आणि दर पावसाळ्याआधी सोडा, नाहीतर आत ओल धरून कीड लागते. तार अजिबात नको. आणि टीजवळ पालापाचोळ्याचा किंवा लाकडाच्या चुऱ्याचा थर टाका. चिखलाचाही प्रश्न अर्धा सुटेल.

अंबडचा_फॅब्रिकेटर
बांबू माझ्याकडून. टोपल्याही आमच्याच शेडमध्ये झाल्यात म्हणून सांगतो, यात किती डोकं लागतं ते लोकांना कळत नाही.

पहिल्या टोपलीला आम्ही साखळ्यांचं एकच कडं लावलं होतं. डिस्क आरपार जायची. मग आत दुसरं, छोट्या घेराचं कडं टाकलं, आतल्या साखळ्या खांबाजवळ आणल्या, तेव्हा डिस्क अडकून खाली पडायला लागली. साखळी फार जड घेतली तर डिस्क आपटून मागे येते, फार हलकी घेतली तर वाऱ्याने गुंता होतो. टोपलीची कडा जमिनीपासून साधारण ८२ सेंमी ठेवतात. आपली जमीन उताराची, त्यामुळे प्रत्येक खांब जाग्यावर मोजून कापला. रंग मारलेली साखळी एका पावसाळ्यात गंजली, आता सगळी गॅल्व्हनाइज्ड आहे.

आता मुद्दा. सार्वजनिक बागेत ही साखळी किती दिवस राहील? बाकाच्या लोखंडी पट्ट्या भंगारात जातात तिथे साखळी काय टिकणार! बागायतदारांच्या कुत्र्याने आजवर एक कडीसुद्धा जाऊ दिली नाही.

पाथर्डी_फाटा
कुत्र्याने कडी जाऊ दिली नाही हे खरं, पण माझी पिवळी डिस्क त्यानेच नेली. अजून दिली नाही.

शिरीषफूल
मी तीन-चार वेळा मैत्रिणींबरोबर आले आहे. खेळ फार आवडला. माझ्या सासूबाई तर नुसत्या पटरने नऊच्या नऊ टोपल्या खेळल्या, गुडघे दुखत असूनही, कारण मधे मधे थांबता येतं आणि कोणी घाई करत नाही. टोपलीत डिस्क पडल्यावर साखळ्यांचा जो खणखणाट होतो ना, त्याला त्या प्रत्येक वेळी लहान मुलीसारख्या हसत होत्या.

पण सगळे पुरुष एका सुरात ‘आहे तो कोर्स बरा’ म्हणताहेत म्हणून लिहिते. रस्ता आडवाटेचा आहे. मुख्य रस्त्यावरून आत वळल्यावर एक दिवा नाही. स्वच्छतागृह नाही. तुम्हाला जी शांतता आवडते तिचीच आम्हाला धास्ती वाटते. बरोबर कोणी नसेल तर मी येत नाही, आणि दर वेळी बरोबर कोणी मिळत नाही. बागेत कोर्स असता तर माझ्या ओळखीच्या कितीतरी जणी आल्या असत्या. गोदाकाठदादा, तुमच्या फायद्या-तोट्यांच्या हिशोबात हे यायला हवं.

मैदानी_माणूस
शिरीषफूल यांच्याशी सहमत, आणि धागाकर्त्यांच्या मूळ मताला माझा विरोध. हा खेळ जन्मालाच आला सार्वजनिक बागेत.

फ्रिसबी बनवणाऱ्या व्हॅम-ओ कंपनीत काम केलेला एड हेड्रिक नावाचा माणूस. १९७५ साली कॅलिफोर्नियातल्या ला कॅन्याडा फ्लिंट्रिजच्या ओक ग्रोव्ह बागेत त्याने पहिला कायमचा कोर्स आखला. तेव्हा लक्ष्य म्हणून नुसते खांब होते. डिस्क खांबाला लागली की नाही यावरून भांडणं व्हायची, म्हणून त्याने साखळ्यांची टोपली शोधली. १९७६ मध्ये खेळाडूंची संघटना, पीडीजीए, स्थापन केली. अमेरिकेतले बहुतेक कोर्स आजही सार्वजनिक बागांत आहेत आणि फुकट आहेत. फिनलंड, एस्टोनियासारख्या छोट्या देशांत गावोगावी कोर्स आहेत. २०२५ ची जागतिक स्पर्धा तर फिनलंडमध्येच, नोकिया आणि टाम्पेरे इथे झाली.

जागाही फार लागत नाही. अठरा होलच्या गोल्फला शंभर एकरांच्या पुढे जमीन, वर हिरवळीला पाणी. डिस्क गोल्फच्या नऊ टोपल्या ढोबळमानाने पाच ते दहा एकरांत बसतात आणि गवताला वेगळं पाणी लागत नाही. खासगी जमिनीवरचा कोर्स मालकाच्या मनावर असतो. उद्या तिथे प्लॉट पाडायचे ठरले तर? मखमलाबादकडचे जमिनीचे भाव मी सांगायला नकोत. पालिकेच्या जागेवर निदान नागरिक म्हणून आपला हक्क राहतो.

(अवांतर: हेड्रिक २००२ मध्ये गेला. त्याच्या इच्छेप्रमाणे त्याची राख प्लॅस्टिकमध्ये मिसळून डिस्क तयार केल्या गेल्या.)

जुना_पंचवटीकर
बापरे, अस्थी डिस्कमध्ये! आम्ही रामकुंडाशेजारी वाढलेली माणसं, लोक कुठून कुठून अस्थी घेऊन इथे येतात ते रोज बघतो. घरी वाचून दाखवलं तर आई म्हणाली, ‘त्याचा जीव त्यातच होता, मग बरोबरच केलं लेकरांनी.’

मूळ मुद्द्यावर: सिंहस्थाची कामं डोक्यावर असताना पालिकेत टोपल्यांचा अर्ज कोण उघडून बघणार? मैदानी_माणूस यांचं म्हणणं रास्त आहे, पण वेळ चुकीची आहे.

द्राक्षबाग
कोर्सच्या पलीकडच्या बांधावर आमची द्राक्षबाग आहे. शेजारी म्हणून दोन गोष्टी सांगायच्या आहेत, रागाने नाही.

आठव्या टोपलीवरून चुकलेली डिस्क आमच्या मांडवात येते आणि मागोमाग माणूस येतो. ऑक्टोबर छाटणीनंतर आम्ही वेलीच्या काड्यांवरच्या डोळ्यांना (कळ्यांना) पेस्ट लावतो, ते रसायन अंगाला लागलेलं चांगलं नाही. आमची माणसं हातमोजे घालून काम करतात आणि तुमचा एखादा हाफ चड्डीत ओळींतून डिस्क शोधत फिरतो. पुढे फवारण्या चालू असतात. घड भरल्यावर तारेला नुसता धक्का लागला तरी मणी गळतात. एकदा हाक मारा, आम्ही काढून देतो. एवढंच मागणं आहे.

दुसरं, गवत. बांधाच्या कडेला घोणस निघते. थंडीत ती उन्हाला येऊन पडते आणि वाळल्या पाल्यात दिसत नाही. मी तुमच्या लोकांना गवतात सरळ हात घालताना पाहिलंय.

गोदाकाठ
भाऊ, तुम्ही लिहिलंत हे फार बरं झालं. आठव्या टोपलीपलीकडचा बांध आजपासून हद्दीबाहेर. नियमात तशी सोय आहेच: डिस्क हद्दीबाहेर गेली की एक फेक दंड घ्यायचा आणि हद्दीच्या आतून पुढे खेळायचं. डिस्क परत हवी असेल तर तुम्हाला हाक मारायची, आत शिरायचं नाही. फाटकावर तशी पाटी लावतो.

घोणसीबद्दल सगळ्यांनी लक्षात ठेवा. घोट्याच्या वरपर्यंतचे बूट, हातात काठी, आधी काठीने गवत हलवायचं मगच वाकायचं. चावलीच तर चिरा देणं, चोखणं, घट्ट दोरी बांधणं यातलं काही करायचं नाही. माणसाला चालू द्यायचं नाही, हात-पाय स्थिर ठेवायचा, १०८ ला फोन करायचा आणि थेट जिल्हा रुग्णालय गाठायचं.

अल्टिमेटवाला
हरवलेली डिस्क शोधायला नियमाने तीनच मिनिटं मिळतात. आपल्याकडे अर्धा तास शोधतात, कारण बाहेरून मागवलेली डिस्क हजाराच्या पुढे जाते. गवताच्या रंगाची डिस्क घेऊ नका. गुलाबी किंवा भडक नारिंगी घ्या, वाळल्या गवतात लांबून दिसते.

हाडवैद्य_नव्हे_फिजिओ
सगळ्यांनी झाडांची, सापांची काळजी केली, थोडी कोपरांचीही करा. या खेळातले लोक माझ्याकडे कोपराच्या बाहेरच्या बाजूचं दुखणं घेऊन येतात. कारण एकच, नुसत्या हाताने जोर लावणं. जोर पाय आणि कमरेच्या वळणातून यायला हवा, हात फक्त शेवटी सुटतो. गाडीतून उतरून थेट पहिल्या टीवर ड्रायव्हर फेकू नका. दहा मिनिटं चाला, खांदे फिरवा, पटरच्या चार हलक्या फेकी करा. आणि ओल्या काळ्या मातीत पळत येऊन फेकणं बंद. पाय रुततो, अंग फिरतं, गुडघा जातो. पावसात जागेवर उभं राहून फेका.

मैदानी_माणूस
धागाकर्त्यांनी शिरीषफूल यांना अजून उत्तर दिलेलं नाही.

गोदाकाठ
बागायतदारांशी बोलून मगच लिहायचं होतं, म्हणून थांबलो होतो. काल संध्याकाळी जाऊन आलो.

त्यांच्या घराजवळचं स्वच्छतागृह रविवारी सकाळी खेळणाऱ्यांसाठी खुलं राहील, चावी काकूंकडे. रविवारी साडेसहा ते साडेनऊ ही ठरलेली वेळ, त्यात कुणालाही एकट्याने आत यावं लागणार नाही. मुख्य रस्त्यावरच्या वळणापाशी सगळे जमून एकत्र आत जातील. आतल्या रस्त्यावरच्या दिव्यासाठी ग्रामपंचायत की पालिका, हे हद्दीवरून ठरेल, चौकशी चालू आहे. एवढ्याने शिरीषफूल यांचा प्रश्न पूर्ण सुटत नाही हे मला मान्य आहे. मधल्या वारी संध्याकाळी बाईमाणसाला एकटीने खेळता आलं पाहिजे, आणि ते इथे होणार नाही.

म्हणून अर्जाबाबत: चालत्या-फिरत्या बागेत कायमच्या टोपल्यांना माझा विरोध अजूनही आहे, सकाळचा_फेरफटका यांच्या खांद्यावर बसलेली डिस्क मी विसरू शकत नाही. पण घडीच्या तीन टोपल्या करून एखाद्या शाळेच्या किंवा कॉलेजच्या मैदानावर, परवानगी काढून, दोरी लावून, फक्त पटरने खेळायला काय हरकत आहे? गावात, उजेडात, स्वच्छतागृह असलेल्या जागी. फॅब्रिकेटरभाऊ, घडीच्या टोपल्या जमतील?

अंबडचा_फॅब्रिकेटर
जमतील. खाली तिपाई, मधे पाइपात पाइप, वरचं कडं छत्रीसारखं मिटणारं. साखळीच्या वजनाने कलू नये म्हणून तिपाईवर वाळूची पिशवी. एक नमुना करून दाखवतो, मग पुढच्या दोन.

शिरीषफूल
मैदानाची परवानगी मी बघते. आमच्या भागातल्या एका शाळेच्या मुख्याध्यापिका ओळखीच्या आहेत. मुलींना खेळायला मिळणार असेल तर त्या नाही म्हणणार नाहीत. पण तिथे ड्रायव्हर आणलेला चालणार नाही, हे आधीच सगळ्यांनी कबूल करा.

अल्टिमेटवाला
कबूल. दोरीच्या आत खेळणारे सोडून कोणी नको, आणि फेकायच्या आधी मोठ्याने ‘डिस्क आली!’ असं ओरडायचं.

मैदानी_माणूस
तात्पुरतं म्हणून ठीक. सिंहस्थ झाल्यावर मी अर्ज पुन्हा काढणार आहे, आणि तेव्हा गर्दीच्या बागेऐवजी वेगळ्या रिकाम्या जागेचा नकाशा जोडून काढणार आहे. रानवाट, झाडांच्या बाजूने तो नकाशा तपासून द्याल का?

रानवाट
देईन. आधी पेरूसमोरचे बांबू रोवलेले दिसू देत.

सातपूर_कॉलनी
पहिल्यांदाच लिहितोय, बरेच दिवस नुसता वाचत होतो. रविवारी मुलाला घेऊन आलो तर चालेल का? तो दहा वर्षांचा आहे. स्वतःची डिस्क विकत घ्यावी लागेल का?

गोदाकाठ
जरूर या. डिस्क घेऊ नका, गटाकडे जुने पटर आहेत, दोघांनाही देतो. बूट घाला, पाण्याची बाटली आणि टोपी आणा. सव्वासहाला वळणावर थांबा. बांबू रोवायचे आहेत, तेव्हा एखादी पहार घरात असेल तर तीही घेऊन या.